मगदूम सरांची नागमोडी रेघ

मगदूम सरांनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो माझ्या अर्जातल्या ठळक अक्षरांवरून.

नोकरीसाठी मी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका छोट्या ऑफिसात गेले होते. दुकानांच्या, कारखान्यांच्या, शाळांच्या वेबसाइट तयार करून देणारं ऑफिस, माणसं मोजून चार. मालक विक्रमदादा फोनवर होते, म्हणून माझा अर्ज कोपऱ्यातल्या टेबलावरच्या एका वयस्कर गृहस्थांनी हातात घेतला. पांढरा हाफ शर्ट, खिशाला लाल पेन, आणि चष्मा नाकावर इतका खाली की त्यातून ते कागद बघत होते आणि त्याच्यावरून मला. अर्जात मी दोन शब्द ठळक केले होते, 'मेहनती' आणि 'प्रामाणिक'.

"ताई, ह्यो 'प्रामाणिक' जाड का केलासा?"

"उठून दिसावा म्हणून."

"साधा लिवला असता तर कमी प्रामाणिक झाला असता व्हय?"

त्यांनी खिशातलं पेन काढून त्या शब्दाखाली एक नागमोडी रेघ ओढली, अर्ज मला परत दिला आणि म्हणाले, "रागावू नगा. रेघ म्हंजे चूक न्हवं. रेघ म्हंजे परत एकदा वाचायचं." मी मनातल्या मनात त्यांना एक शिवी घातली. नोकरी मिळाली, आणि बसायला जागा मिळाली ती नेमकी त्यांच्या शेजारची.

सरांचं काम म्हटलं तर सोपं होतं. वेबसाइटवर जाणारा मराठी मजकूर वाचायचा आणि चुका दाखवायच्या. त्याआधी त्यांची तीस वर्षं छापखान्यात गेली होती, शिशाचे खिळे जुळवण्यापासून कॉम्प्युटरवर पानं लावण्यापर्यंत. छापखाना बंद पडला तेव्हा विक्रमदादांनी त्यांना बोलावून घेतलं. पण दुसऱ्यानं लावलेल्या पानावर विश्वास ठेवतील ते मगदूम सर कसले? पन्नाशी उलटल्यावर ते वेबसाइटची पानं ज्यात लिहितात ते एचटीएमएल आणि पानांचं रूप ठरवणारं सीएसएस शिकले. एवढा खटाटोप कशासाठी केला म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "मी तपासून दिलेला मजकूर ही पोरं आत न्हेऊन त्येचं काय करत्यात, ते बघाया नगं?"

बोलणं अस्सल कोल्हापुरी होतं, हाय आणि न्हायचं. लिहिताना मात्र एक अनुस्वार इकडचा तिकडे व्हायचा नाही. साहिल, आमचा डिझाइन करणारा, एकदा त्यांना यावरून चिडवायला गेला. सर शांतपणे म्हणाले, "तोंडाला नियम न्हाय. कागदाला हाय." साहिल त्यानंतर पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

मला एचटीएमएल येत होतं, असं मला वाटत होतं. सरांच्या शेजारी बसल्यावर कळलं की मला फक्त ते टाइप करता येत होतं. शब्द जाड करायला दोन खुणा आहेत, एक 'स्ट्राँग' आणि एक नुसती 'बी'. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, त्यामुळे आम्ही हाताला येईल ती वापरायचो. सर खुर्ची वळवून सांगायचे, "'स्ट्राँग' म्हंजे ह्यो शब्द महत्त्वाचा हाय. 'बी' म्हंजे नुसता जाड हाय. जाड माणूस महत्त्वाचा असतोच असं हाय व्हय?" आणि हे म्हणताना विक्रमदादांच्या केबिनकडे बघायचे. विक्रमदादांचं वजन तेव्हा बरंच होतं.

तिरक्या अक्षरांवर त्यांचा राग होता. इंग्रजी अक्षर तिरकं केलं तर ऐटीत दिसतं, देवनागरी तिरकं केलं की जिन्यावरून घसरल्यागत दिसतं, असं त्यांचं म्हणणं. शब्दामागे पिवळा पट्टा येतो तो 'मार्क' त्यांना चालायचा, पण एका पानावर एकदाच. एका गिऱ्हाइकानं अर्धं पान पिवळं करून मागितलं, तेव्हा सर त्याला म्हणाले, "पावणं, मांडवात सगळ्यास्नीच हळद लावली तर नवरा वळखायचा कसा?" तो हसला आणि एका शब्दावर तयार झाला.

पण हे सगळं वरवरचं. खरी गोष्ट अशी की सजवलेल्या अक्षरावर त्यांचा मुळातच विश्वास नव्हता. कुणीतरी शब्द रंगवला म्हणजे त्याला त्या शब्दाबद्दल खात्री नाही, नाहीतर शेजारच्या शब्दावरून आपली नजर काढून घ्यायची आहे, अशी त्यांची पक्की समजूत. दुपारी आम्ही कोपऱ्यावर चहाला जायचो. वाटेत एक नवं मिसळीचं दुकान झालं होतं. त्याच्या पाटीवर लिहिलं होतं, अस्सल 'घरगुती' चव. सर पाटीपुढं थांबले. "घरगुती हा शब्द अवतरणात का घातलाय?" मी म्हटलं, शोभेला. "शोभेला न्हाय. अवतरणात घातला म्हंजे लोक तसं म्हणत्यात, आमी न्हाय म्हणत. इथं पाणी मुरतंय कुठंतरी." त्या दुकानात ते कधी गेले नाहीत. साहिल जाऊन आला आणि मिसळ झकास आहे म्हणाला, तर सरांनी त्यालाच विचारलं, "तुला फुकट दिली काय?"

औषधाची पेटी असो, दुधाची पिशवी असो, सर आधी बारीक अक्षरं वाचणार. लग्नपत्रिका आली की उजेडासमोर धरणार. स्वतःचा चहाचा कप ते टेबलावर पालथा घालून ठेवायचे आणि त्याखाली एक कागदाचा कपटा. कपटा हलला की कपाला कुणीतरी हात लावला. साहिल मुद्दाम रोज तो कपटा हलवायचा, आणि मग सर अर्धा दिवस आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघत बसायचे. ऑफिसात त्यांना सगळे पाठीमागे 'शंकासूर' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. नाव कुणी पाडलं असावं, याचा त्यांना तिघांवर संशय होता. पाडलं होतं मी.

वेबसाइट उघडल्यावर त्यांचं पहिलं काम म्हणजे कंट्रोल आणि ए ही दोन बटणं दाबून सगळं पान निवडायचं. पान निळं व्हायचं आणि सर त्यात वाकून बघायचे. ही मला नुसती खोड वाटायची. मग एका क्लासवाल्यांची जुनी साइट आमच्याकडे दुरुस्तीला आली. पान स्वच्छ होतं, खाली बरीच मोकळी जागा. सरांनी बटणं दाबली आणि त्या मोकळ्या जागेत ओळीच्या ओळी उगवल्या. गावातल्या दुसऱ्या सगळ्या क्लासेसची नावं पांढऱ्यावर पांढऱ्या रंगात लिहून ठेवली होती, म्हणजे कुणी दुसरा क्लास शोधला तरी ह्यांचंच पान पुढं यावं. सरांना आनंद झाला नाही. ते नुसते मागं टेकून बसले आणि म्हणाले, "बगा. कोरी जागा म्हंजे कोरीच असती असं न्हाय." त्या दिवसापासून मीही ती बटणं दाबायला लागले. अजून दाबते.

शिरोली एमआयडीसीतल्या एका ओतकामाच्या फौंड्रीचं काम होतं, कीर्तिदीप नावाच्या. मालकांना नावाचं पहिलं अक्षर मोठं आणि लाल हवं होतं. साहिलनं 'क' भोवती स्पॅनची, म्हणजे तेवढाच तुकडा वेगळा दाखवायची, खूण घातली आणि तेवढाच मोठा केला. झालं असं की 'क' गेला एकीकडे, आणि त्याची वेलांटी मागं राहिली एका ठिपक्यांच्या रिकाम्या गोलावर लटकत. साहिल म्हणाला, फॉन्टमध्ये काहीतरी गडबड आहे. सर उठून त्याच्या मागं उभे राहिले. "मी ह्या यंत्रावर इस्वास ठेवत न्हाय. पण आज चूक त्येची न्हाय, तुजी हाय. 'क' हे अक्षर न्हाय रे बाबा, 'की' हे अक्षर हाय. वेलांटी म्हंजे अंगावरचा सदरा वाटला काय, काढून ठेवाया? अंग हाय ते." मग खूण पूर्ण 'की' भोवती घातली, आणि पुढच्या कामांना पहिल्या अक्षरासाठी सीएसएसचा जो वेगळा नियम असतो तो वापरायचं ठरलं. जाता जाता सर म्हणाले, "आनि कोल्हापुरात ऱ्हाऊन 'की' तोडतोस व्हय? माणूस बोलंल कसा मग? आलो की, गेलो की, जेवलो की." त्या वेळी साहिलसुद्धा हसला.

आता त्या रेघेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

वाक्यातल्या एखाद्या तुकड्यालाच वेगळं रूप द्यायचं असलं की त्याच्याभोवती स्पॅन घालतात आणि त्या खुणेला एक नाव देतात. त्या नावाच्या शब्दांनी कसं दिसायचं, रंग कुठला, खाली रेघ असावी का, हे दुसऱ्या एका फाईलीत लिहिलेलं असतं. खूण मजकुरात, रूप फाईलीत. सरांनी आपल्यासाठी एक खूण केली होती आणि तिला नाव दिलं होतं 'शंका'. जो शब्द खटकेल त्याच्याभोवती 'शंका' घालायचे, आणि तो शब्द लाल नागमोडी रेघेवर दिसायला लागायचा. आमच्याकडे रूपाच्या दोन फायली असत, एक कच्ची, एक पक्की. कच्चीत ती रेघ होती, पक्कीत नव्हती. साइट लोकांसाठी खुली करताना पक्की फाईल अपलोड करायची, की रेघा दिसेनाशा. खुणा मात्र मजकुरात तशाच राहायच्या.

मी एकदा विचारलं, "सर, काम झाल्यावर खुणा काढून का टाकत नाही?"

"मजकूर गिऱ्हाइकाचा. आपण बदलायचा न्हाय, इचारायचं. गिऱ्हाइक बदलत न्हाय तवर शंका मिटली असं कसं म्हणायचं? ऱ्हाऊ द्या. दिसत तर न्हाय कुणाला."

म्हणजे सर आल्यापासूनच्या चार-पाच वर्षांत आम्ही केलेल्या प्रत्येक साइटच्या पोटात सरांच्या शंका न दिसता बसलेल्या होत्या. कारखान्याच्या 'सर्वोत्कृष्ट'मध्ये, शाळेच्या 'उज्ज्वल'मध्ये, पन्हाळ्यावरच्या एका हॉटेलच्या 'भव्य'मध्ये. मला ते जरा भीतीदायकच वाटायचं.

हे एवढं परतपरत वाचणं कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. छापखान्यात उमेदवारी करत होते तेव्हाची गोष्ट. एके दिवशी एका उत्तरकार्याचं कार्ड छापून झालं होतं. त्यातला 'कै.' खिळ्यांच्या जुळणीत तसाच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी लग्नपत्रिकेत नवऱ्याच्या नावाआधी 'चि.' यायच्या जागी 'कै.' आला. पत्रिका वाटून झाल्यावर नवऱ्याच्या आत्यानं वाचला. "लग्नाआधी पोरगं स्वर्गवासी केलं आमी," सर म्हणाले. "सगळ्या चुका अशाच हुत्यात बगा. आधीच्या कामाचं राहिलेलं पुढच्या कामात जातंय." म्हातारे कंपोझिटर दत्तूमामा यांनी सगळ्यांची बोलणी खाल्ली आणि पुढच्या महिन्यात काम सोडलं. मी विचारलं, चूक कुणाची होती? सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "छापखान्यात चूक छापखान्याची असती." मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

चांदीकामाच्या हुपरीचे गजाननराव आले ते पैंजणांची साइट करून घ्यायला. घरातच कारखाना, भाऊ, भावजया, सगळे हाताखाली. फोटोसाठी म्हणून त्यांनी एक पैंजणाचा जोड आणला होता. सरांनी तो उचलला, अंगठ्यानं घासला, कानाशी वाजवला आणि तोंडावर विचारलं, "ह्यात चांदी किती आन् तांबं किती?" गजाननरावांचा चेहरा उतरला. विक्रमदादांनी घाईघाईनं चहा मागवला. मजकूर त्यांनी स्वतःच लिहून आणला होता, आणि पहिलीच ओळ होती, आमच्याकडे शुध्द चांदीचे पैंजण मिळतील. सरांनी 'शुध्द'वर शंका घातली. गजाननरावांना फोन करून विचारलंही, पण ते कामात होते, जसं लिहिलंय तसं ठेवा म्हणाले. साइट खुली झाली. सुंदर दिसत होती.

मग तो शनिवार. दुपारी गजाननरावांचा फोन आला, वरच्या मथळ्याचा रंग जरा गडद करा. विक्रमदादांनी मला सांगितलं. मला कागलला मावसबहिणीच्या हळदीला जायचं होतं, आई खाली रिक्षात बसली होती. मी फाईल उघडली, रंग बदलला, अपलोड केली, पान एकदा बघितलं आणि पळाले. गजाननरावांच्या ऐन धंद्याच्या लग्नसराईत, शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत, त्यांच्या पानाच्या पहिल्या ओळीत 'शुध्द' या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ झळकत होती.

सोमवारी ते पहिल्या एसटीनं आले. बरोबर कॉलेजात शिकणारा पुतण्या होता. त्यानं पानाच्या आतला मजकूर उघडून काकांना दाखवला होता, म्हणजे नुसती रेघ नव्हे, खुणेचं नावही. गजाननराव ओरडले नाहीत. फोन टेबलावर ठेवून खुर्चीत बसले.

"आजोबापास्नं ह्यो धंदा हाय आमचा. परवा गिऱ्हाइकानंच इचारलं, राव, तुमच्याच पानावर तुमच्या चांदीवर शंका कशी? मी काय सांगायचं त्येला? ह्ये कुणी केलं?"

सर उठले. "शंका माझी हाय. पण ती चांदीवर न्हाय, अक्षरावर हाय. तुमी 'शुध्द' लिवलाय, अर्धा ध आन् पुरा द. आधी अर्धा द पायजे, मग ध. शुद्ध."

गजाननराव म्हणाले, "अक्षरावर? माझ्या दुकानाच्या बोर्डावर वीस वर्सं असंच हाय. आन् त्या दिवशी पैंजण घासून इचारलासा, ते बी अक्षरच व्हतं काय?"

आयुष्यभर सगळ्यावर शंका घेतलेल्या माणसानं एकदा नुसती शुद्धलेखनाची शंका घेतली होती, आणि ते कुणालाच पटेना. खरं सांगते, मलाही पटलं नाही. मला वाटलं, पैंजणाचं मनात धरून सरांनीच मुद्दाम रेघ दिसू दिली. विक्रमदादांचा चेहराही तेच सांगत होता. गजाननराव उठताना म्हणाले, हा माणूस इथं असेल तर माझं काम इथं नको, आणि हुपरीतल्या आणखी कुणाचंही येणार नाही.

पान दुरुस्त करायला मी माझ्या जागेवर येऊन बसले. फाईल उघडली. मथळ्याचा गडद केलेला रंग कच्च्या फाईलीत होता. पक्कीत जुनाच रंग होता. मी शनिवारी कच्ची उघडली होती, कच्चीतच रंग बदलला होता आणि तीच पक्कीच्या जागी चढवली होती. पान बघितलंही होतं, पण ती लाल रेघ रोज बघून डोळ्यांना इतकी सवय झाली होती की मला ती दिसलीच नाही. अपलोड करायला ऑफिसात सगळ्यांचं मिळून एकच खातं होतं, कुणी केलं ते कुठेही उमटलेलं नव्हतं. शनिवारी रंगाचं काम कुणाला दिलं, हे विक्रमदादांना एवढ्या कामांत आठवत नव्हतं. मी रंग पक्कीत बदलला आणि ती फाईल अपलोड केली. कुणालाही काही बोलले नाही.

त्या दिवशी सर चौकशीला लागले. आधी सर्व्हर सांभाळणाऱ्या कंपनीला फोन केला, त्यांनीच जुनी फाईल परत टाकली असणार म्हणून. मग साहिलला धरलं, 'की'चा राग काढलास का रे? साहिल रडकुंडीला आला. मग विक्रमदादांना विचारलं, मला काढायचं होतं तर सरळ सांगायचं. मग त्या पुतण्यावर संशय घेतला, मग खुद्द गजाननरावांवर, बोर्ड बदलायचा खर्च नको म्हणून हा कांगावा असेल. संध्याकाळी माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून हा सगळा हिशेब त्यांनी मला हळू आवाजात सांगितला. "तुमच्याजवळ म्हणून बोलतो," म्हणाले. मला एकदाही विचारलं नाही. मी मान हलवत राहिले.

विक्रमदादांनी त्यांना आठवडाभर घरी राहायला सांगितलं. सर दुसऱ्याच दिवशी राजीनामा घेऊन आले. साधा कागद, एकही शब्द ठळक नाही. टेबलावरचा कप उचलला, त्याच्याखालचा कपटा बघितला. तो हलला नव्हता. साहिल दोन दिवस त्याला हात लावायला धजावला नव्हता. सरांनी कप पिशवीत टाकला, मला म्हणाले, "येतो ताई, काळजी घ्या. पानं निवडून बघत जावा," आणि जिना उतरले. मी तेव्हा बोलायला हवं होतं. जिना बावीस पायऱ्यांचा आहे, ते सावकाश उतरत होते, मला भरपूर वेळ होता.

महिना गेला असेल. विक्रमदादांनी आमच्याच ऑफिसच्या साइटवरून सरांचं नाव काढायला सांगितलं. 'आमची माणसं' असं पान होतं, विक्रमदादांनी प्रत्येकाला एकेक विशेषण दिलं होतं. मी आतला मजकूर उघडला. 'दूरदृष्टीचे विक्रम' यातल्या 'दूरदृष्टीचे' भोवती शंका होती. साहिलच्या 'कल्पक' भोवती शंका होती. 'अनुभवी मगदूम सर' यातल्या स्वतःच्या 'अनुभवी' भोवतीही त्यांनी शंका घातली होती. माझ्या नावाआधी लिहिलं होतं 'प्रामाणिक'. त्याच्याभोवती काही नव्हतं. मी वरखाली शोधलं, सगळं पान निवडून बघितलं. काहीच नव्हतं.

मी उठून केबिनमध्ये गेले आणि विक्रमदादांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता कशाला? मिटलं की ते." पण त्यांनी माझ्यासमोरच आधी गजाननरावांना फोन लावला, मग सरांना. सरांनी परत यायला नकार दिला. फाईल कुणी टाकली हे विक्रमदादांनी त्यांना सांगितलं नव्हतं. तेवढं माझ्यासाठी ठेवलं होतं.

सर महाद्वार रोडच्या एका बोळात, भाच्याच्या पत्रिकांच्या दुकानात बसत होते. मी गेले तेव्हा पुढ्यात पत्रिकांच्या नमुन्यांचा ढीग होता आणि ते एकेका ओळीवरून बोट फिरवत होते. मला बघून भाच्याकडनं चहा मागवला. मी कप हातात घेतला नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. शनिवार, हळद, रिक्षा, कच्ची फाईल, आणि त्यानंतर गप्प बसणं.

सर चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले, मी अर्ज घेऊन गेले त्या दिवशी बघत होते तसे. मला वाटलं, आता विचारतील, आज तरी खरं सांगताय कशावरून?

"त्यो 'कै.' काढायचा माझ्याकडनं ऱ्हायलता," ते म्हणाले. "दत्तूमामांनी बोलणी खाल्ली. मी शेजारीच हुबा व्हतो. मामा गेलं, मग सांगाया कुणी ऱ्हायलं न्हाय."

त्यांनी वाया गेलेल्या पत्रिकेचा एक तुकडा ओढला, खिशातलं लाल पेन काढलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर सावकाश, सुबक अक्षरात लिहिलं, 'प्रामाणिक'. खाली नागमोडी रेघ ओढली. कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "हे माझ्याकडनं ऱ्हायलतं. घ्या. आन् च्या घ्या, गार व्हतोय."

मी चहा घेतला. तोवर त्यांनी पुढची पत्रिका उचलून दारातल्या उजेडासमोर धरली होती आणि नवऱ्याच्या नावाआधीची जागा डोळे बारीक करून बघत होते. त्यानंतर ते मुलीकडे निपाणीला गेले, पुन्हा भेट झाली नाही. गजाननरावांच्या पानावर आजही 'शुध्द'च आहे आणि त्याच्याभोवतीची खूण मी काढलेली नाही. तो पत्रिकेचा तुकडा माझ्या टेबलाच्या खणात असतो. अधूनमधून काढते आणि परत एकदा वाचते.